मदत हवी आहे: आय ट्रॅकरचे खालचे ठिपके बसतच नाहीत (सांगली)

जोडाक्षर:
तीन दिवस झाले, डोकं फिरायची वेळ आलीय. स्क्रीनवर नजर कुठे आहे ते टिपणारं हे मशीन, त्याचं नऊ ठिपक्यांचं कॅलिब्रेशन करते (माणसाला एकेका ठिपक्याकडे बघायला लावून मशीन जुळवून घेते), वरचे सहा झकास येतात आणि खालच्या ओळीतले तीन पार कुठल्या कुठे, व्हॅलिडेशनला (परत ठिपके दाखवून तपासताना) दीड-दोन डिग्री एरर. मला अर्ध्या डिग्रीच्या आसपास पाहिजे कारण वाचताना कुठल्या जोडाक्षरावर नजर अडते ते बघायचंय. सोमवारी आठ जण येणारेत. कुठलं सेटिंग बदलू ते लवकर सांगा. विकणाऱ्यांना मेल केलाय, उत्तर नाही.

कृष्णाकाठ:
ट्रॅकर स्क्रीनखाली लावायचा की डोक्याला घालायचा? माणूस किती लांब बसतो? हनुवटी टेकायला स्टँड आहे? खिडकी कुठं? एवढं सांगितल्याशिवाय सेटिंग काय सांगणार ताई.

जोडाक्षर:
स्क्रीनखालचा. अंतर ६० सेंमी. स्टँड नाही. खिडकी पश्चिमेला, पण पडदा आहे.

मिरजेचा_विनू:
पडदा कसला, पातळ असेल तर काही उपयोग नाही. उन्हात इन्फ्रारेड असतं आणि ट्रॅकर त्याच उजेडावर चालतो, डोळ्यावर पडलेली चमक आणि बाहुलीचा मध्य बघून नजर काढतो. आमच्या विश्रामबागेतल्या खोलीत दुपारी चारनंतर एक रीडिंग धड यायचं नाही, काचेला काळा कागद चिकटवला आणि सुटलो. ट्यूबलाइटच ठेवा, जुना पिवळा बल्ब नको.

कृष्णाकाठ:
विनू, ऊन असतं तर वरचे पण बिघडले असते. नुसते खालचे जातायत म्हणजे पापणी. खाली बघताना वरची पापणी बाहुलीवर उतरते. मॉनिटर चार बोटं उचला.

मिरजेचा_विनू:
सकाळी आणि दुपारी फरक पडतो का ते आधी विचारा की. उगाच मॉनिटर हलवायला लावताय.

फुकटचंसॉफ्टवेअर:
एवढं महागाचं मशीन कशाला? लॅपटॉपच्या वेबकॅमवर होतंय की सगळं.

कृष्णाकाठ:
वाचनासाठी नाही चालत. ६० सेंमीवर एक डिग्री म्हणजे स्क्रीनवर साधारण १ सेंमी, तेवढ्यानं जोडाक्षर सोडा, ओळ पण चुकते. वेबकॅमची चूक त्याहून मोठी असते.

हळदीकुंकू:
बायका असतील तर मस्कारा, काजळ लावून येऊ नका असं फोनवरच सांगून ठेवा. काळ्या पापणीलाच मशीन बाहुली समजतं. आल्यावर पुसायला लावलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं.

वाळव्याचे_काका:
माझ्या आईचं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वय ७१, अजून वाचताना अक्षरं हलतात म्हणते. या मशीनवर कळेल का?

जोडाक्षर:
काका, याच्यावर नाही कळणार, डोळ्यांच्या डॉक्टरांनाच दाखवा, आणि लवकर दाखवा. आमच्याकडे पण सगळे त्याच वयाचे, रिटायर्ड शिक्षक आहेत.

कृष्णाकाठ:
थांबा. हे पहिल्यांदा सांगायचं होतं! चष्मे आहेत? मधे रेघ असलेले?

जोडाक्षर:
हो, जवळजवळ सगळ्यांनाच. एक बाई तर वाचताना हनुवटी वर करून मान मागं टाकतात, मी प्रत्येक वेळी "मान सरळ" म्हणते आणि त्या परत तशाच बसतात.

कृष्णाकाठ:
त्यांना सरळ बसून अक्षर दिसतच नाही, त्या तरी काय करणार. वाचायचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात असतो. आणि ती रेघ कॅमेऱ्यात बाहुलीवर आली की बाहुलीचा आकारच मोडतो. सॉफ्टवेअरमध्ये काही शोधू नका. चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना घालतात ती गोल फ्रेम मागून आणा, ६० सेंमीला बसणारी एकेरी भिंगं त्यांच्याकडूनच घालून घ्या. घरचा जवळचा नंबर चालणार नाही, तो पुस्तकाच्या अंतराचा असतो.

मिरजेचा_विनू:
चष्मा काढूनच बसवा, सोपं.

हळदीकुंकू:
आणि वाचायचं कसं त्यांनी, अंदाजानं?

जोडाक्षर:
आज दुकानातून फ्रेम मिळाली. त्याच बाईंना बसवलं. मान आपोआप सरळ, खालचे तिन्ही ठिपके पहिल्या फेरीत लागले, सरासरी एरर ०.६ डिग्री. तीन दिवस त्यांना ओरडत होते, आज माफी मागितली. एका सरांची पापणी फार उतरते, त्यांचा डावीकडचा खालचा ठिपका अजून जातोय, मॉनिटर उचलून बघते.

मिरजेचा_विनू:
काळा कागद लावला का?

जोडाक्षर:
लावला. चारनंतरचं रीडिंग उद्या टाकते.