मदत हवी आहे: मुलाला जर्सी कोणाच्या नावाची घ्यावी? (ब्राउन्सवाल्यांनी जरूर वाचा)

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, फुटबॉल म्हणजे इथला, लांबट चेंडूचा. 'याला फुटबॉल का म्हणायचं, पाय तर लागतच नाही' हा वाद दुसऱ्या धाग्यावर घालावा ही विनंती. विषय क्लीव्हलँड ब्राउन्सचा, म्हणजे आमच्या ओहायोच्या सतत हरणाऱ्या संघाचा आहे, त्यामुळे सांत्वनपर प्रतिसाद आगाऊ स्वीकारले आहेत.

प्रश्न दिसायला साधा आहे. ऑगस्टमध्ये लेक बारा वर्षांचा होतोय आणि वाढदिवसाला त्याला जर्सी हवी आहे. मागितली आहे ती ट्रॅव्हिस हंटरची. जॅक्सनव्हिल जॅग्वार्स, १२ नंबर. ओहायोत जन्मलेलं, माझ्याच घरात वाढलेलं पोर!

दोष त्याला देता येत नाही. २४ एप्रिल २०२५ ला ड्राफ्टच्या रात्री (संघ आळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात, ती रात्र) आम्ही दोघं बेसमेंटमध्ये बसलो होतो. पोराने महिनाभर खपून वहीत खेळाडूंची यादी केली होती. नावापुढे उंची, वजन, कॉलेज, सगळं. टेनेसीने पहिला पिक (निवडीची पाळी) कॅम वॉर्डवर लावला तसा हा सोफ्यावर उभाच राहिला, कारण दुसरा पिक आपला आणि त्याच्या यादीत पहिलं नाव हंटर. हाइझमन (कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार) मिळवलेला, पास झेलणारा आणि पास अडवणारा अशा दोन्ही जागी खेळणारा गडी. तेवढ्यात पडद्याच्या तळाशी पट्टी आली: ट्रेड, म्हणजे संघांमधली अदलाबदल. दुसरा नंबर जॅक्सनव्हिलला. आपल्याला पाचवा, ३६ वा, १२६ वा आणि त्यांचा २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक. आपण वर १०४ आणि २०० हेही दिले.

पोराने वही मिटली, पेन्सिल वहीच्या तारेत खोचली आणि विचारलं, "बाबा, म्हणजे तो पिक मी सातवी संपवत असताना येणार?"

मी "हो" म्हटलं आणि पाणी प्यायला वर गेलो.

आता माझं म्हणणं. ट्रेड वाईट होता असं मला वाटत नाही. डोकं शांत झाल्यावर पाहिलं तर भाव बरा मिळालाय. पाचव्या नंबरला मेसन ग्रॅहम हा मिशिगनचा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावफळीतला गडी (ओहायोत राहून मिशिगनच्या, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या पोरासाठी टाळ्या वाजवायच्या, हा वेगळा छळ), ३६ ला क्विन्शॉन जडकिन्स, आणि त्याआधी स्वतःच्या ३३ व्या पिकवर कार्सन श्वेसिंगर. ३-१४ (तीन विजय, चौदा पराभव) अशा हंगामानंतर एका माणसाने संघ उभा राहत नाही, चार-पाच हवेत, हे पटतं. मला खटकतंय ते हे की धीर धरा असं सांगतंय कोण.

नव्या चाहत्यांसाठी थोडं मागे जातो. २०१६ मध्येही आपला दुसराच नंबर होता. तो फिलाडेल्फियाला दिला, त्यांनी कार्सन वेन्ट्झ घेतला. तेव्हाही पिक साठवायचे, दम धरायचा, हीच भाषा. त्या दोन वर्षांत ३२ सामन्यांत एक विजय. ०-१६ झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये चाहत्यांनी स्टेडियमभोवती शून्याच्या आकाराची मिरवणूक काढली, तीत मीही होतो. हातमोज्यांच्या आत बोटं बधिर झाली होती आणि पुढचा एक अनोळखी म्हातारा थर्मासच्या झाकणातून सगळ्यांना घोट घोट कॉफी पाजत होता. या संघापायी मिळालेल्या आनंदाच्या दिवसांत तो वरच्या पाचांत येतो, यावरून काय ते समजा.

तर २०१७ चा बारावा पिक आपण ह्यूस्टनला दिला. त्यांनी त्यावर घेतलं कोणाला? डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू). बदल्यात आलेल्या २०१८ च्या पिकमधून आपल्याला डेन्झेल वॉर्ड मिळाला, जो आजही आहे आणि उत्तम आहे. मायल्स गॅरेट, बेकर मेफील्ड, निक चब हे सगळे त्याच दोन ड्राफ्टमधले. जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानात प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) ४८-३७ हरवलं. म्हणजे साठवलेलं फळाला आलं होतं!

आणि मग २०२२. ज्याला पाच वर्षांपूर्वी ड्राफ्टमध्ये हातचा सोडला, त्याच वॉटसनसाठी त्याच ह्यूस्टनला २०२२, २०२३ आणि २०२४ चे पहिल्या फेरीचे पिक, वर आणखी तीन, आणि त्याला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, पै न पै हमीची. लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांवरून लीगने त्याच्यावर ११ सामन्यांची बंदी घातली. तेवढ्यावरूनच मी तो करार करू नये या मताचा होतो. पण नुसता मैदानावरचा हिशेब केला तरी तीन हंगामांत १९ सामने. ऑक्टोबर २०२४ मध्ये अकिलीस (टाचेमागचा कंडरा) तुटला, जानेवारीत पुन्हा तुटला. तिकडे ह्यूस्टनने आपलाच एक पिक पुढे करून ड्राफ्टमध्ये वर सरकत विल अँडरसनला घेतलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्याला प्लेऑफमध्ये ४५-१४ धुतलं.

संघमालक जिमी हॅस्लम यांनी मार्च २०२५ मध्ये वॉटसनचा डाव फसल्याचं जाहीर कबूल केलं. बरं केलं. पण जनरल मॅनेजर २०२० पासून अँड्र्यू बेरीच आहेत. ज्यांच्या काळात तीन वर्षांची शिदोरी एका बैठकीत संपली, तेच आता आम्हाला पोटाला चिमटा घ्यायला सांगतायत.

आणि धीरच धरायचा तर गॅरेटचं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने जिंकायचं आहे म्हणून ट्रेड मागितला, मार्चमध्ये वर्षाला सरासरी ४ कोटी डॉलरच्या करारावर सही केली. डिसेंबर २०२५ मध्ये तो तिशीचा. एकीकडे आत्ता जिंकायचे पैसे मोजायचे आणि दुसरीकडे पिक पुढच्या वर्षावर टाकायचे. घरातल्या दोन घड्याळांत दोन वेगळ्या वेळा.

क्वार्टरबॅकचं तर विचारूच नका. २०२५ च्या ड्राफ्टनंतर संघात होते: चाळिशीचा जो फ्लाको, केनी पिकेट, तिसऱ्या फेरीत घेतलेला डिलन गॅब्रियल आणि पाचव्या फेरीत १४४ व्या नंबरला घेतलेला शदूर सँडर्स. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तर मदत दोन बाबतींत हवी आहे. जर्सी घ्यायची तर तीन वर्षांनीही अंगात घालता येईल असं नाव सुचवा. माझ्या कपाटात ब्रेडी क्विन, ब्रँडन वीडन आणि जॉनी मँझिएल लटकले आहेत. २००७, २०१२ आणि २०१४, तिघेही पहिल्या फेरीत २२ व्या नंबरला घेतलेले, आणि तिघेही क्वार्टरबॅक. बायकोने एकाची फरशी पुसायला मागणी केली होती, पण ते कापड पाणीसुद्धा शोषत नाही.

दुसरं, सॅलरी कॅप (संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा याची मर्यादा) कळणाऱ्यांनी सांगावं: गॅरेटला ठेवून पुनर्बांधणी करण्यात खरंच काही हिशेब आहे का? आणि वॉटसनला सरळ काढून का टाकत नाहीत?

'टीम बदला' असा सल्ला नको. मुलाने तोच मार्ग धरला आहे.

प्रतिसाद १

हंटरची जर्सी अजिबात घेऊ नका, आणि यात भावनेचा संबंध नाही, शुद्ध स्वार्थ आहे. २०२६ चा तो पिक जॅक्सनव्हिलचा. ते जितके हरतील तितका आपला नंबर वर. म्हणजे दर रविवारी मुलगा हंटरच्या नावाने ओरडणार आणि शेजारी तुम्ही जॅक्सनव्हिल हरावं म्हणून देव पाण्यात घालून बसणार. घरात जेवण मिळेल का?

धागाकर्ता

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल त्याला सांगितलं तर म्हणाला, "हंटरने चांगलं खेळायचं आणि टीम हरायची, असं चालेल ना?" याला मी काय उत्तर देऊ?

प्रतिसाद २

कॅपबद्दल लिहितो. २०२५ ची मर्यादा संघामागे २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. पण खेळाडूला दिलेला पैसा आणि कॅपच्या वहीतली नोंद एकाच वर्षी पडेल असं नाही. समजा एखाद्याचा पगार ४ कोटी आहे. तो पगार म्हणून दिला तर सगळा याच वर्षी मोजला जातो. तोच बोनस म्हणून दिला तर पैसे आजच त्याच्या खात्यात जातात, पण नोंद जास्तीत जास्त ५ वर्षांत सारखी वाटता येते, म्हणजे वर्षाला ८० लाख. यंदा जागा मोकळी झाली असं वाटतं, प्रत्यक्षात हप्ते पुढे ढकललेले असतात.

वॉटसनच्या बाबतीत हे वारंवार झालंय, मार्च २०२५ मध्येही झालं. आता त्याला काढला की राहिलेले सगळे हप्ते आणि हमीचा पगार एकदम अंगावर येणार. १ जूननंतर काढला तर बोनसचा यंदाचा हप्ता यंदा आणि उरलेले पुढच्या वर्षी, एवढीच सवलत. याला डेड मनी म्हणतात. माणूस संघात नाही पण जागा अडवून बसलाय. करार २०२६ मध्ये संपतो, नोंदी त्यानंतरही थोडी वर्षं राहतील.

म्हणून २०२६ चे दोन पहिल्या फेरीचे पिक महत्त्वाचे. ड्राफ्टमधून आलेला क्वार्टरबॅक चार वर्षं ठरावीक आणि तुलनेने किरकोळ पगारावर खेळतो, पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचा पर्यायही संघाकडे असतो. वॉटसनचं ओझं उतरायला लागेल आणि स्वस्त क्वार्टरबॅक तेव्हाच हाताशी येईल, असा हा डाव आहे. २०२७ च्या हंगामात गॅरेट ३१ चा असेल, म्हणजे म्हातारा नाही. त्याला विकून जे पिक आले असते त्यातून दुसरा गॅरेट निघाला असता का? तो स्वतः पहिल्या नंबरचा पिक होता. तुमची दोन घड्याळं दोन वर्षांनी एक वेळ दाखवतील, एवढीच आशा.

प्रतिसाद ३

बेरींवर जरा अन्याय करताय. २३ कोटींची हमी कुठलाही मॅनेजर मालकाच्या होकाराशिवाय देत नाही. आणि एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा दुसऱ्या नंबरचा सौदा फुंकून प्यायलेला दिसतो. हंटरवर झडप घालणं हा पुन्हा 'एकच माणूस आपल्याला तारेल' हाच विचार झाला असता.

धागाकर्ता

प्रतिसाद २, मनापासून आभार. वहीतले हप्ते हे आता कुठे नीट समजलं. गॅरेटबद्दलची माझी तक्रार निम्मी मागे घेतो.

प्रतिसाद ३, ताकाचं मान्य. पण पुढच्या एप्रिलमध्ये हातात दोन पिक असतील आणि कुठलातरी नाराज, नावाजलेला क्वार्टरबॅक बाजारात असेल, तेव्हा फुंकर आठवेल का? माझी भीती त्या रात्रीची आहे. सँडर्सच्या आधी गॅब्रियल का घेतला हेही मला अजून पटलेलं नाही, पण तो वेगळा धागा होईल.

प्रतिसाद ४

जर्सीचं कोणी बोलतच नाहीये. क्वार्टरबॅक नको, हे तर ठरलंच. गॅरेटचा ९५ सुरक्षित वाटतो, पण फेब्रुवारी आठवा. मी म्हणतो जो थॉमस, ७३. याला कोणी ट्रेड करू शकत नाही, २०१८ मध्येच निवृत्त झालाय! तुमचा क्विन आला त्याच २००७ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर आलेला लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा. सलग १०,३६३ स्नॅप (चेंडू टाकून सुरू होणारे डाव) खेळला, एकही न चुकवता. अकरा हंगामांत प्लेऑफचा एक सामना नशिबी आला नाही, तरी गेला नाही कुठे. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतला. आणि मुलाला हे सांगा: ड्राफ्टच्या दिवशी न्यूयॉर्कला स्टेजवर मिरवण्याऐवजी तो वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे धरायला गेला होता.

धागाकर्ता

प्रतिसाद ४, काम झालं. काल जेवताना हे सगळं त्याला सांगितलं. प्लेऑफचं ऐकून म्हणाला, "बिचारा." १०,३६३ चा आकडा त्याने उठून वहीत लिहून घेतला, हंटरच्याच पानावर. मग विचारलं की बोटीवर असताना त्याला निवड झाल्याचं कळलं कसं, फोन नेला होता का. पुढच्या ड्राफ्टच्या दिवशी आपणही लेक ईरीवर जाऊ असं ठरवून मोकळा झाला. मला वाटतं त्याला वहीपेक्षा ते बरं वाटत असावं.

७३ मागवली आहे. एक साइज मोठी.