बॉडी ॲल्युमिनियमची, पण चासीचं काय?
जुन्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची, त्यामुळे मुंबईच्या खाऱ्या हवेची भीती नाही, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं. १९४८ साली ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती म्हणून बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे घेतले; चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि डॅशबोर्डमागचा बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली आडवी भिंत, पोलादीच राहिला. शिवाय हे दोन धातू जिथे टेकतात तिथे खारट ओल मिळाली की उलट ॲल्युमिनियमच आधी झिजतं. रंगाखाली फुगवटे, आत पांढरी भुकटी. माझ्या सिरीज थ्री लँड रोव्हरच्या दरवाजांना खालच्या कडेला नेमकं हेच झालंय (गाडी दादरला, चौपाटीजवळच उभी असते).

चासी चौकोनी नळीसारखी पोकळ, म्हणजे गंज आतूनही खात जातो. गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट नंतर उघडा, आधी खाली वाकून मागच्या क्रॉस मेंबरपासून (चासीच्या आडव्या तुळईपासून) हातोडीने ठोकत या. बद्द वाजलं, म्हणजे आत गंज, तर किंमत पाडा, नाहीतर सरळ निघा. ताजं काळंभोर अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला फासलेला लेप) दिसलं की खाली गंज झाकलाय का, असा माझा तरी संशय वाढतो. पावसाळ्याआधी चासीच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करायची आणि आत गंजरोधक मेण फवारायचं. इंजिनाची रडगाणी त्यानंतर.