विश्वासघात करणारेच "क्षमा कर" म्हणतात, तेव्हा ख्रिस्ती माणसाने आशा कशावर ठेवावी?

प्रश्न (निनावी बहीण)

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

मंडळीतील एका जवळच्या मैत्रिणीबरोबर मी अनेक वर्षे प्रार्थना करत आले. घरातल्या अडचणी, मनातल्या शंका, ज्या मी आणखी कोणापुढे कधीच बोलले नसते, त्या मी तिच्यापुढे बोलले, कारण आम्ही दोघी एकाच प्रभूसमोर गुडघे टेकत होतो. पुढे एका जबाबदारीच्या कामावरून आमच्यात मतभेद झाला आणि त्यानंतर माझ्या त्याच गोष्टी मला इतरांच्या तोंडून ऐकू येऊ लागल्या. त्या पसरवण्याची रीतही अशी, की कोणाला हरकत घेता येऊ नये. "तिच्यासाठी प्रार्थना करा, बिचारी फार कठीण परिस्थितीतून जात आहे," अशी सुरुवात, मग सगळा तपशील आणि त्यात थोडी पदरची भर. मी तिला एकटीला भेटून विचारले, तेव्हा ती रडली, मी तिच्या प्रेमावर संशय घेते असे म्हणाली, आणि बोलणे संपेपर्यंत क्षमा मीच मागितली होती.

आता ती आणि तिच्या बाजूचे लोक मला सांगतात, की ख्रिस्ती असशील तर क्षमा कर आणि पूर्वीसारखी वाग. वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा मला ठाऊक आहे आणि ती मला मोडायची नाही. पण प्रार्थनेला बसले की शब्दच सुचत नाहीत, कारण ज्या जागी मला धीर मिळत असे, त्याच जागी घाव बसला आहे. "देव सगळे ठीक करील" असे मला सांगितले जाते, तेव्हा मी नेमकी कशाची आशा धरायची? तिचे मन पालटेल याची, खरे काय ते सर्वांना कळेल याची, की आणखी कशाची?

उत्तर 1 (स्तोत्रवाचक)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. तिचे मन पालटावे म्हणून प्रार्थना जरूर करावी, पण आशेचा पाया त्यावर घालू नये. प्रभूने यहूदा इस्कर्योताचे पाय धुतले, भाकरीचा घास बुडवून स्वतःच्या हाताने त्याला दिला, तरी तो उठून रात्रीच्या अंधारात निघून गेला. खरे लवकरच उघड होईल, यावरही पाया घालता येत नाही. योसेफ 17 वर्षांचा असताना भावांनी त्याला विकले, पुढे ज्याच्या घरी तो गुलाम होता त्या पोटीफरच्या बायकोने त्याच्यावर खोटा आळ घेतला, आणि तो मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा झाला होता. देवाने त्याला वर काढले हे खरे. परंतु तो आळ खोटा होता असे पोटीफरच्या घरातील कोणी कधी कबूल केल्याचे उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नाही.

ख्रिस्ती आशेचा आधार म्हणजे एक घडून गेलेली गोष्ट आहे. ज्याला त्याच्याच शिष्याने धरून दिले, ज्याची ओळख दुसऱ्या शिष्याने नाकारली आणि ज्याच्याविरुद्ध खोटे साक्षीदार उभे केले गेले, त्यालाच देवाने मेलेल्यांतून उठवले. पेत्राच्या पहिल्या पत्रात आरंभीच याला जिवंत आशा म्हटले आहे, आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, की निंदा होत असता येशूने उलट निंदा केली नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्याच्या हाती स्वतःला सोपवले. हे लिहिणारा पेत्र स्वतः ओळख नाकारणारा होता, म्हणून मला हे वचन विशेष मोलाचे वाटते. तुमची बाजू कोणी ऐको वा न ऐको, ती जिथे ऐकली जायला हवी तिथे ऐकली गेली आहे. तुम्ही धरायची आशा ही आहे.

शब्द सुचत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे, तर सध्या उसने शब्द घ्या. 55 वे स्तोत्र रोज मोठ्याने वाचा. त्यात दावीद म्हणतो, की निंदा करणारा शत्रू असता तर मी ती सोसली असती. पण तो तू होतास, माझा सोबती, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरात चालत असे. त्याचे बोलणे लोण्यासारखे मऊ, पण अंतःकरणात युद्ध. पारव्यासारखे पंख असते तर उडून दूर गेलो असतो, असेही तो म्हणतो, आणि ही पळून जाण्याची इच्छा तो देवापासून लपवत नाही. पुष्कळ भाष्यकार हे स्तोत्र दावीदाचा सल्लागार अहीथोफेल याच्या फितुरीशी जोडतात. स्तोत्राच्या शीर्षकात मात्र प्रसंग दिलेला नाही. तो प्रसंग तुम्हाला 2 शमुवेल 15 मध्ये सापडेल. दावीद डोके झाकून, अनवाणी, रडत जैतुनाच्या डोंगरावर चढत असताना आपला हा सल्लागार बंड करणारा आपला मुलगा अबशालोम याला मिळाला हे त्याला कळते, आणि त्या क्षणी तो फक्त एका वाक्याची प्रार्थना करतो: परमेश्वरा, अहीथोफेलाची मसलत मूर्खपणाची ठरव. तो माथ्यावर पोहोचतो तो समोर त्याचा मित्र हूशय उभा असतो, ज्याच्या तोंडून पुढे ती मसलत खरोखरच मोडली जाते. एवढ्या आघातात दावीदाला लांबलचक प्रार्थना सुचली नाही आणि देवानेही ती मागितली नाही.

उत्तर 2 (मंडळीतील एक वडील)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण बहिणीच्या प्रश्नातील एका भागाला अजून हात लागलेला नाही. "ख्रिस्ती असशील तर पूर्वीसारखी वाग" या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत आणि त्या सोडवल्याशिवाय माणसाला मोकळा श्वास घेता येत नाही. क्षमा करणे म्हणजे समोरच्याकडून वसूल करायचे ऋण सोडून देणे, आणि ते एकट्यालाही करता येते. विश्वास पुन्हा बसणे हे दोघांचे काम आहे आणि त्यासाठी पश्चात्ताप दिसावा लागतो. योसेफाने भावांना ओळखल्याबरोबर मिठी मारली नाही. धाकट्या बन्यामिनाच्या जागी मला गुलाम ठेवा असे त्या भावांपैकी यहूदा म्हणेपर्यंत तो थांबला. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे, की पुष्कळांनी येशूच्या नावावर विश्वास ठेवला, पण येशूने स्वतःला त्यांच्या भरवशावर सोडले नाही, कारण माणसाच्या अंतरी काय आहे हे त्याला ठाऊक होते. त्याच्या प्रीतीत उणेपणा होता असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

या बाबतीत पौलाचे तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र, चौथा अध्याय, सावकाश वाचावे असे मी नेहमी सांगतो. तिथे तीन प्रकारची माणसे शेजारी शेजारी आहेत. न्यायालयातील पहिल्या जबाबाच्या वेळी सगळे पौलाला सोडून गेले. त्यांच्याविषयी तो म्हणतो, की हे त्यांच्या हिशेबी धरले जाऊ नये. आलेक्सांद्र तांबटाने त्याचे फार वाईट केले. त्याची फेड तो प्रभूवर सोडतो आणि लगेच तीमथ्याला बजावतो, की तूही त्याच्याविषयी जपून राहा. आणि मार्क, जो पूर्वी त्याला पंफुल्यात सोडून गेला होता आणि ज्याच्यावरून पौल व त्याचा सहकारी बर्णबा यांची फारकत झाली होती, त्याला तो बोलावून घेतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. भीतीने पळालेला, जाणूनबुजून दुखावणारा आणि पुन्हा उभा राहिलेला, या तिघांना पौल एकाच मापाने मोजत नाही, आणि तरी सूड कोणाचाच घेत नाही.

रडून, उलट दोष देऊन किंवा देवाचे नाव घेऊन आपल्याला वळवले जाते, त्याविषयी नहेम्याचा सहावा अध्याय पाहा. नहेम्या यरुशलेमेचा कोट बांधत असता त्याचे विरोधक सनबल्लट आणि गेशेम ओनोच्या मैदानात भेटीला ये म्हणून चार वेळा निरोप पाठवतात आणि नहेम्या चारही वेळा तेच उत्तर देतो: मी मोठ्या कामात आहे, मला येता येत नाही. पाचव्या वेळी उघडे पत्र येते, म्हणजे वाटेत कोणालाही वाचता यावे असे, आणि त्यात तो बंड करून राजा होऊ पाहतो अशी अफवा लिहिलेली असते. नहेम्या दारोदार खुलासे करत फिरत नाही. असे काही घडलेले नाही, हे तुझ्या मनातले आहे, एवढे सांगून तो देवाकडे हात बळकट करण्याची प्रार्थना करतो. त्यानंतर शमाया त्याला जिवाच्या भीतीने मंदिरात लपायला सांगतो. ते भविष्यवाणीच्या भाषेत असते, पण त्यासाठी पैसे मोजलेले असतात, आणि नहेम्या ते ओळखतो. भाषा पवित्र आहे म्हणून हेतूही पवित्र असेल, हे त्याने गृहीत धरले नाही. 52 दिवसांत कोट पुरा झाला. त्यानंतरही दुसरा विरोधक तोबीया याची धमकीची पत्रे येतच राहिली, हे त्या अध्यायाचे शेवटचे वाक्य आहे. विरोध थांबला नाही, काम मात्र झाले.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मी 55 वे स्तोत्र वाचले आणि 15 व्या वचनापाशी अडखळले. मृत्यूने त्यांना अवचित गाठावे, ते जिवंतपणी अधोलोकात उतरावेत, अशी मागणी तिथे आहे. खरे सांगायचे तर त्या क्षणी ते शब्द मला परके वाटले नाहीत आणि त्याचीच भीती वाटली. ख्रिस्ती व्यक्तीने असे काही प्रार्थनेत उच्चारावे का?

उत्तर 3 (सेविका)

बहिणी, भिऊ नकोस. माझ्या मते उच्चारावे, पण ते देवासमोर आणि फक्त देवासमोर. काही शिक्षक म्हणतात, की ही वचने जुन्या कराराची आहेत आणि आपण ती वगळावीत; मला ते पटत नाही. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखालचे हुतात्मेही "हे स्वामी, कोठवर?" असे विचारतात, आणि त्यांना कोणी दटावत नाही. त्यांना शुभ्र झगे देऊन आणखी थोडा वेळ थांबायला सांगितले जाते. रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात पौल सूड घेऊ नका म्हणतो, तेव्हा तो रागाला जागाही दाखवतो: फेड करणे प्रभूकडे आहे, म्हणून तिथे ठेवा. जो राग देवाच्या हाती दिला जात नाही, तो दुसऱ्या कोणाच्या कानी जातो, आणि मग आपणही "प्रार्थनेसाठी सांगते" अशीच सुरुवात करू लागतो. तुझी मैत्रीण जे करते, तेच तिच्याविषयी करण्याचा मोह तुला होईल, आणि तुझ्यासाठी सर्वांत मोठा धोका मला तोच वाटतो.

त्या स्तोत्राची वाटचालही पाहा. 15 व्या वचनातला क्रोध पुढे तसाच वाढत जात नाही. संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी मी गाऱ्हाणे करीन, असे 17 व्या वचनात आहे. म्हणजे एकदा बोलून मन मोकळे झाले नाही, तर दिवसातून तीनदा यावे. 22 व्या वचनात तो आपला भार परमेश्वरावर टाकायला सांगतो. शेवटच्या वचनातही घातकी माणसांविषयी कठोर शब्द आहेतच, पण त्याचे अखेरचे वाक्य "मी तर तुझ्यावर भाव ठेवीन" अशा अर्थाचे आहे. मित्र परत आला असे त्यात कुठेही नाही.

आता व्यवहाराचे. तू तिला एकटीने भेटलीस, म्हणजे अपराध करणाऱ्या भावाशी कसे वागावे याविषयी मत्तय 18 मध्ये प्रभूने सांगितलेली पहिली पायरी झाली. त्या भेटीत उलट तुलाच क्षमा मागावी लागली असेल, तर पुन्हा एकटीने जाऊ नकोस. प्रभूने पुढची पायरी एकदोन साक्षीदारांची सांगितली आहे, आणि ती अशाच प्रसंगांसाठी आहे, कारण साक्षीदारासमोर बोलण्याचा विषय बदलणे कठीण जाते. कोणत्या गोष्टी विश्वासाने सांगितल्या होत्या आणि त्या कोणाकडून परत ऐकू आल्या, एवढेच आधी कागदावर लिहून काढ. तिच्या हेतूंविषयी काही लिहू नकोस, ते तुला दिसत नाहीत. यानेही काम झाले नाही तर मंडळीच्या वडिलांकडे, म्हणजे पुढाऱ्यांकडे, जायला संकोच करू नकोस. आणि उद्या यात धमकी किंवा पैशांचा गैरव्यवहार आला, तर कायद्याकडे जाणे ही अश्रद्धा नव्हे. पौलाने आपले रोमी नागरिकत्व सांगितले, कैसराकडे दादही मागितली. साक्षीदार निवडताना मात्र केवळ तुझ्या बाजूचे नेऊ नकोस. निदान एक तरी व्यक्ती अशी असावी, जिचा शब्द तुझी मैत्रीणही मानते.