फास्ट म्हणजे नुसतं जलद नव्हे
‘फास्ट म्हणजे जलद, झालं!’ असं कुणी म्हटलं, तर ते काही पटत नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घट्ट, पक्का. म्हणून कपड्याचा न जाणारा रंग ‘फास्ट कलर’. नेम घट्ट धरायचा म्हणून उपासही फास्टच, आणि तो सोडायचा तो ब्रेकफास्ट. नेटानं, जोर लावून पळण्यावरून वेगाचा अर्थ नंतर चिकटला. आपले जलद, वेगवान, शीघ्र हे शब्द वेगाच्या एवढ्या एकाच अर्थाला पुरतात. (दादरला उद्घोषणा ‘जलद’ म्हणते, आपण विचारतो मात्र ‘फास्ट आहे का?’) आमची आई चतुर्थीला विरार फास्टमध्ये चेंगरून उभी असते, तेव्हा तिन्ही अर्थ एकदम लागू: पोटात उपास, गाडीला वेग आणि पाय जागच्या जागी घट्ट!