पहिलं अफू युद्ध कोणी ओढवलं: व्यापाऱ्यांनी की एलियटच्या एका जाहीरनाम्याने?

वखारीचा कारकून

ब्रिटन आणि चीनमधल्या पहिल्या अफू युद्धाचा विषय निघाला की बोट थेट कँटन या चिनी बंदरातल्या अफूच्या बड्या व्यापाऱ्याकडे, विल्यम जार्डिनकडे जातं. त्याने लंडनमध्ये वजन वापरलं, पामर्स्टनला पढवलं आणि आरमार निघालं. मला हा हिशेब जुळत नाही. कँटनच्या अफूवाल्यांची तरफदारी करायची नाहीये. पण तस्करांचं नुकसान झालं म्हणून कुठलंही सरकार लढाईला निघत नाही. त्याला कागद लागतो, आणि तो कागद २७ मार्च १८३९ ला एका सरकारी अधिकाऱ्याने लिहून दिला.

जून १८३८ मध्ये परराष्ट्रमंत्री पामर्स्टनने व्यापार अधीक्षक चार्ल्स एलियटला साफ कळवलं होतं: चीनचे कायदे मोडणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनांच्या पाठीशी सरकार उभं राहणार नाही, कायद्याची अंमलबजावणी कडक होऊन जे नुकसान होईल ते त्यांचं त्यांनी सोसावं. १० मार्च १८३९ ला बादशहाचा खास आयुक्त लिन त्सश्यू कँटनला पोचला. १८ तारखेला फर्मान निघालं, सगळी अफू हवाली करा. व्यापाऱ्यांनी हजाराच्या थोड्या वर पेट्या पुढे केल्या. त्यांचा हा जुना डाव होता: थोडं द्यायचं आणि साहेब बदलेपर्यंत कळ काढायची. २४ ला एलियट मकावहून कँटनमधल्या परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारीत आला आणि त्याच रात्री वखारींना वेढा पडला. चिनी नोकर, आचारी, हमाल बाहेर गेले, साडेतीनशेच्या आसपास परदेशी आत राहिले. तिसऱ्या दिवशी एलियटने जाहीर केलं की आपापली अफू राणीच्या सरकारसाठी माझ्याकडे जमा करा, तिची जबाबदारी सरकारची.

२०,२८३ पेट्या जमा झाल्या. धरपकडीमुळे गिऱ्हाईक नव्हतं, माल जहाजांत पडून होता, भाव कोसळला होता. तो पडेल माल एका जाहीरनाम्याने ब्रिटिश सरकारकडून येणं झाला. जार्डिन मॅथिसनच्या एकट्या पेढीने सुमारे ७,००० पेट्या दिल्या, आणि देताना जेम्स मॅथिसनला दुःख झाल्याचं दिसत नाही.

लंडनला बातमी पोचल्यावर सरकारपुढे सुमारे २० लाख पौंडांचा दावा उभा राहिला. खजिन्यात तशी सोय नव्हती. मग १ ऑक्टोबरच्या मंत्रिमंडळात ठरलं की वसुली चीनकडून करायची. जाहीरनामा नसता तर १८३८ चं पत्र दाखवून पामर्स्टनने व्यापाऱ्यांना वाटेला लावलं असतं.

बंदरवारा

असहमत. एलियटने काडी लावली म्हणा हवं तर, पण दारू पाच वर्षं भरली जात होती ती विसरू नका.

एप्रिल १८३४ मध्ये चीन व्यापारातली ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी संपली आणि खासगी पेढ्यांना रान मोकळं झालं. त्याच वर्षी पहिला अधीक्षक लॉर्ड नेपियर आला. मकावला थांबून परवाना घ्यायचा आणि को-हाँग, म्हणजे सरकारमान्य चिनी व्यापारी मंडळींमार्फत अर्ज द्यायचा, हा तिथला शिरस्ता. नेपियर तडक कँटनला गेला आणि तिथल्या चिनी व्हाइसरॉयच्या नावाने बरोबरीच्या नात्याने पत्र पाठवलं. वेशीवर ते कोणी हातात धरेना. चिन्यांनी व्यापार बंद केला, नेपियरने दोन लढाऊ जहाजं नदीत घुसवली, शेवटी तापाने फणफणून मागे फिरला आणि ११ ऑक्टोबरला मकावमध्ये वारला. त्या वर्षअखेरीस कँटनच्या व्यापाऱ्यांचा अर्ज लंडनला रवाना झाला: अपमानाची भरपाई मागा, सोबत लढाऊ जहाजं पाठवा. मॅथिसन स्वतः लंडनला जाऊन परराष्ट्रमंत्री ड्यूक ऑफ वेलिंग्टनला भेटला. १८३६ मध्ये पुस्तिका छापली. कँटनचं वर्तमानपत्र त्याच्याच पैशावर चाललेलं.

मग १८३९ च्या सप्टेंबरअखेर जार्डिन पामर्स्टनसमोर बसला. कुठली बंदरं रोखायची, किती जहाजं, किती सैन्य, तहात काय मागायचं, याचे तपशील त्याने नकाशांसकट दिले. नोव्हेंबर १८४२ मध्ये पामर्स्टननेच जार्डिनच्या लंडनच्या हस्तकाला, खासदार जॉन एबल स्मिथला, पत्र लिहून या मदतीचे आभार मानले. आता यात एलियटचा जाहीरनामा, म्हणजे ती सरकारी पावती, कुठे आली?

वखारीचा कारकून

तुमच्याच प्रतिसादातलं अर्धं वाक्य तुम्ही गाळलंत. मॅथिसन वेलिंग्टनला भेटला आणि हात हलवत परत आला. माणसं तीच, मागणी तीच. १८३५ मध्ये नकार आणि १८३९ मध्ये होकार. मधे बदललं काय ते सांगा.

शिवाय जार्डिनची भेट २७ सप्टेंबरची. चार दिवसांत मंत्रिमंडळाचं मत फिरवायचं तर मत आधीच कललेलं असावं लागतं. तपशीलवार टिपणं त्याने नंतर दिली. लढाई कशी लढायची हे त्याने सांगितलं, लढायची की नाही हे नव्हे.

माळवी

दोघंही लंडन आणि कँटन यांतच फिरताय. कलकत्ता गाळून हा वाद होतोच कसा?

अधिकारी एका बाजूला आणि व्यापारी दुसऱ्या, ही फाळणी बिहारमध्ये टिकत नाही. १७७३ पासून बंगाल-बिहारच्या अफूची मक्तेदारी कंपनी सरकारकडे. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, चीक ठरल्या दराने सरकारी एजंटाने घ्यायचा, पाटणा आणि गाझीपूरच्या कोठ्यांत गोळे वळायचे, वर खसखशीच्या पाकळ्यांचं कवच चिकटवायचं. एका पेटीत असे ४० गोळे, २०-२० च्या दोन थरांत. मग कलकत्त्यात जाहीर लिलाव. हातोडा पडला की सरकार मोकळं! कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना अफू न्यायची सक्त मनाई होती, म्हणजे चीनने विचारलं तर हात स्वच्छ. माल न्यायचे खासगी जहाजवाले, आणि तेही कंपनीच्याच परवान्यावर.

पुढची वाट अशी. कँटनच्या गोदीत पेटी कधीच उतरत नसे. चिनी दलाल वखारीत चांदी मोजायचा, पेढी त्याला माल देण्याची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी घेऊन वल्ह्यांची हत्यारबंद होडी लिंटिन बेटाजवळ नांगरलेल्या गोदाम-जहाजाला लागायची. तिथेच पेट्या फोडून माल पोत्यांत भरायचा आणि किनाऱ्यावरच्या अंमलदारांचा हप्ता चुकता करायचा. पेढीकडे आलेली चांदी कंपनीच्या कँटनच्या तिजोरीत भरली की लंडन किंवा कलकत्त्यावरची हुंडी मिळे. त्याच चांदीवर कंपनी चहा घ्यायची. त्या चहावरच्या जकातीतून कंपनीच्या अखेरच्या वर्षांत ब्रिटिश खजिन्याला वर्षाला ३० लाख पौंडांवर मिळत होते.

माळव्याचं निराळं. होळकर-शिंद्यांच्या मुलखातली अफू मक्त्याच्या बाहेर. आधी कंपनीने ती विकत घेऊन अडवायचा खटाटोप केला. माल पाली-जैसलमेरवरून कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला. तेव्हा अडवणं सोडून मुंबईच्या वाटेवर परवाना-शुल्क बसवलं: आधी पेटीला १७५ रुपये. तरी दमणकडचा ओढा थांबेना म्हणून १८३५ मध्ये १२५. सिंध १८४३ मध्ये घेतला, कराचीची वाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत शुल्क ४०० वर गेलं. चोरवाट किती स्वस्त पडते हे पाहून दर ठरवणारा माणूस अधिकारी म्हणायचा की व्यापारी?

एलियटने हवाली केलेल्या पेट्यांत मुंबईकरांचा माल भरपूर होता. त्यांना भिकेला लागू देणं कलकत्ता सरकारला परवडणारंच नव्हतं.

रोखठोक

माळवींचा तपशील चोख, पण त्यातून युद्ध का झालं हे कळत नाही. ही यंत्रणा १८२० मध्येही होती. तेव्हा वर्षाला चार-पाच हजार पेट्या, १८३८ मध्ये चाळीस हजारांच्या घरात. माल वाढला हे कारण धरलं तरी तोफगोळा कोणी आणि कोणासाठी टाकला ते बघा.

अफू जमा झाल्यावर लिनला हमीपत्र हवं होतं: पुन्हा अफू आणली तर माल जप्त आणि आणणाऱ्याला देहान्त. एलियटने ब्रिटिश जहाजांना सही करायला बंदी केली. अमेरिकन कँटनमध्येच राहिले आणि ब्रिटिशांचा माल नदीतून वर-खाली नेऊन वाहतुकीचे भरमसाट दर उकळले. ऑक्टोबरमध्ये 'टॉमस कूट्स' या ब्रिटिश जहाजाने बंदी झुगारून सही केली. त्यामागून 'रॉयल सॅक्सन' निघालं. ३ नोव्हेंबरला नदीच्या मुखावर चुएनपीपाशी 'व्होलेज' या ब्रिटिश लढाऊ जहाजाने त्याच्या पुढ्यात गोळा टाकून त्याला अडवलं. त्या जहाजाच्या रक्षणाला चिनी आरमार पुढे सरसावलं आणि मग चकमक झडली. कायद्याने व्यापार करायला निघालेल्या ब्रिटिश जहाजावर ब्रिटिश अधिकाऱ्याची तोफ! इथे मी कारकुनांच्या बाजूने.

बंदरवारा

चुएनपीचा मुद्दा मान्य. पण त्या नोव्हेंबरात लंडनचा निर्णय होऊन महिना उलटला होता.

चांदीचा भाव

लिनला सगळे जण बाजूला ठेवताहेत. माणूस स्वच्छ, कामात काटेकोर, पण व्यापारी आणि सरकारी प्रतिनिधी यांतला फरक त्याने मोडीत काढला. एलियटला तो परदेश्यांचा मुखिया समजला. हप्ते कसे लावले पाहा: चौथा हिस्सा अफू आली की नोकर परत, निम्मी आली की होड्या चालू, पाऊण आली की व्यापार चालू. पेटीमागे पाच कॅटी (चिनी वजन) चहा बक्षीसही देऊ केला. जूनमध्ये कँटनच्या खाली हुमेनला फरशीबंद हौदांत पाणी आणि मीठ घालून गोळे फोडून भिजवले, वर चुना टाकून घोटलं आणि ओहोटीला समुद्रात सोडून दिलं. तीन आठवड्यांवर हे काम चाललं. चोरीला वाव राहिला नाही. पण एकेका पेढीकडून तिचा-तिचा माल जप्त केला असता तर ते तस्करीविरुद्धचं पोलिसी काम राहिलं असतं. राणीच्या अधिकाऱ्याच्या हातून घाऊक घेतला, आणि एलियटला हवं तेच झालं.

त्याची घाईही समजून घ्या. एक ताएल (चिनी वजन) चांदीला पूर्वी हजार तांब्याची नाणी पडत, १८३८ पर्यंत १,६०० च्या वर. शेतकरी कमावणार तांब्यात, सारा भरणार चांदीत. सगळा दोष अफूचा नाही, स्पॅनिश अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धांनी खाणींतली चांदीच आटली होती. पण पेकिंगच्या दरबाराला समोर अफू दिसत होती.

माळवी

त्या पावतीचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो, कारकुनांना आवडणार नाही. नोव्हेंबर १८३९ मध्ये लंडनच्या खजिन्याने पैसे नाहीत म्हणून हात वर केले. १८४० मध्ये मंत्रिमंडळाविरुद्धचा ठराव संसदेत २७१ विरुद्ध २६२, अवघ्या नऊ मतांनी पडला. व्यापाऱ्यांच्या हाती पैसे आले ते युद्ध संपवणाऱ्या नानकिंगच्या तहानंतर, मागितल्याच्या निम्म्याच्या आसपास. तोवर मुंबईतल्या काही पेढ्या बसल्या होत्या. पावतीला किंमत होती म्हणता, मग चार वर्षं ती वटली का नाही?

बंदरवारा

नानकिंगचा विषय निघालाच आहे तर २९ ऑगस्ट १८४२ च्या तहातली बेरीज बघा. एकूण २१० लाख डॉलर: अफूचे ६० लाख, युद्धखर्चाचे १२० लाख आणि को-हाँगकडच्या थकबाकीचे ३० लाख. शिवाय पाच बंदरं खुली, को-हाँग बंद. १८३७ मध्ये को-हाँगमधली हिंगताई नावाची पेढी बसली, तिच्याकडे परदेशी व्यापाऱ्यांचे २० लाख डॉलरवर अडकले होते. त्या बुडीत उधारीची पावती एलियटने दिली होती का? मग ती तहात कोणी घुसवली?

वखारीचा कारकून

उधारी व्यापाऱ्यांचीच, मागणीही त्यांचीच. पण ती बुडीत नव्हती. चिनी अंमलदारांनी चौकशी करून देणं मान्य केलं होतं, आणि को-हाँगच्या सामायिक निधीतून हप्ते बांधून दिले होते. तहाने को-हाँगच मोडलं, तेव्हा हप्ते भरणारा उरला नाही, आणि ती रक्कम बादशहाच्या नावावर टाकावी लागली.