मदत हवी आहे : वाड्यातली गुळवेल बाल्कनीत कशी जगवू?

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेतला आमचा वाडा मार्चमध्ये पाडायला घेणार आहेत. मागच्या अंगणातला कडुनिंब जाणार, आणि त्याच्यावर चढलेली गुळवेलही. आजीने लावलेली वेल आहे. ताप आला की बोटभर तुकडा ठेचून रात्री पाण्यात भिजत घालायची, सकाळी गाळून समोर धरायची. कडूजहर! पण ती वेल माझ्या डोळ्यांसमोर जाऊ नये असं फार वाटतं.

डिसेंबरात चार कांड्या कापून कोथरूडला घरी आणल्या. वीतभर लांब, करंगळीएवढ्या जाड. बाल्कनी पश्चिमेची, दुपारनंतर कडक ऊन. कुंडीत लाल माती आणि शेणखत निम्मं-निम्मं, पाणी रोज. दोन कांड्या बुडाशी काळ्या पडून मऊ झाल्या, उपटल्यावर आंबूस वास आला. उरलेल्या दोन उभ्या आहेत, पण एकही पान नाही. त्या जिवंत आहेत का, हे कसं ओळखायचं?

वाड्यातल्या वेलीचीही पानं पिवळी पडून गळाली आहेत. रोग असेल का? तिच्या खोडावरून सुतळीसारखी मुळं लोंबतात, त्यातलं एक जमिनीपासून हातभर वर आलंय. त्याचा काही उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया लवकर सांगा, हाताशी महिनाच आहे.

प्रतिसाद १

ताई, घाबरू नका. थंडीत गुळवेल पानं टाकतेच, ऊन तापलं की पालवी फुटते. कांडीवरची कागदासारखी पातळ साल नखाने खरवडा. खाली हिरवंगार दिसलं तर जीव आहे.

कुजल्या त्या पाण्याने आणि खताने. नव्या कांड्या अंगठ्याएवढ्या जाड घ्या, कापल्यावर दिवसभर सावलीत सुकू द्या. मातीत वाळू भरपूर, खत अगदी थोडं. कांडीवरचे दोन डोळे (जिथून फुटवा येतो त्या जागा) मातीत जाऊ द्या आणि कांडी उलटी रोवली जात नाही ना, ते बघा. वरची माती बोटभर सुकल्याशिवाय पाणी नको. पालवी येईपर्यंत पश्चिमेचं ऊनही नको.

पण खरी आशा त्या लोंबत्या मुळात आहे. विटांवर कुंडी ठेवून मूळ आजच मातीत सोडा. रुजलं की त्याच्यासकट वरचं खोड कापून न्या. छिन्नरुहा म्हणतात हिला, कापली तरी पुन्हा रुजणारी.

प्रतिसाद २

निंबावरची गुळवेल जास्त गुणाची मानतात हे खरं, पण ग्रिलवरही ती छान चढते. एकच विनंती, काढा रोज घेत बसू नका. गुळवेलीमुळे लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, साखर जास्त उतरू शकते.

धागाकर्ती

मनापासून आभार! आत्ताच खरवडून बघितलं. एक आतून तपकिरी, कोरडी निघाली. दुसरी मात्र हिरवीगार, बोटाला ओल लागली. उद्या सकाळीच विटा आणि कुंडी घेऊन वाड्यावर जाते. मूळ वाऱ्याने हलून तुटू नये म्हणून काठीला बांधायचं आहे, सुतळी चालेल का?

प्रतिसाद १

सुतळी काचते. जुन्या सुती साडीची पट्टी घ्या, सैल बांधा.