बुरशी शून्य, तरी अफ्लाटॉक्सिन कसं?

प्रश्न: मक्याच्या पफचा एक्स्ट्रूडर (भरड दाबाने आणि उष्णतेने फुलवणारं यंत्र) १६० अंश सेल्सिअसवर चालतो. तयार मालात बुरशीची मोजणी शून्य, पण अफ्लाटॉक्सिन (बुरशीने तयार केलेलं विष) १२ पीपीबी, म्हणजे अब्जात १२ भाग. मशीनची सफाई कमी पडतेय का?

उत्तर १: सफाईचा संबंध कमीच. उष्णतेने बुरशी मरते, तिने आधी सोडलेलं विष बरंचसं तसंच राहतं. प्लेटवरची मोजणी फक्त जिवंत बुरशी दाखवते, विषाबद्दल इथे काहीच सांगत नाही. कच्ची भरड तपासा, आणि हो, वरून लावायची मिरची पूडही. तीसुद्धा अफ्लाटॉक्सिन आणते. दोन्ही वेगवेगळ्या.

उत्तर २: नमुना कसा घेता? विष मोजक्याच दाण्यांत एकवटलेलं असतं, त्यामुळे एका पोत्यातली मूठभर भरड हमखास फसवते. लॉटमध्ये ठिकठिकाणी परखी (नमुना काढायची पोकळ सळई) घालून किमान ५ किलो जमवा, सगळं बारीक दळून एकजीव करा, मग त्यातला भाग चाचणीला. साठवणीत ओलावा १३ टक्क्यांखाली हवा. फुटके दाणे आणि चुरा आधीच चाळून काढा, घाण तिथेच जास्त.

उत्तर ३: विष ओळखायला अतिनील दिव्याखाली दिसणाऱ्या चमकेवर विसंबू नका. ती हिरवट-पिवळी चमक कोजिक आम्लापासून येते, अफ्लाटॉक्सिनची नव्हे. फ्युमोनिसिनची (मक्यातलं आणखी एक बुरशीचं विष) चाचणी वेगळी करा. ते साल आणि अंकुरात जास्त असतं, म्हणून अंकुर काढलेली भरड बरी.